दाताचा डॉक्टर लांब असेल, तर मुलांचे दात वाचवायचे कसे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगातल्या 51 कोटी 40 लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. एवढ्या मुलांना दुसरा कुठला आजार झाला असता तर एव्हाना हलकल्लोळ माजला असता. दातांचं तसं होत नाही. मूल रडतं, घरचे दुखणं थांबवायची गोळी देतात, दोन दिवस बरं वाटतं आणि विषय मागे पडतो.

ही कीड सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. देश श्रीमंत असो की गरीब, ज्या वस्तीत उत्पन्न कमी आणि दवाखाना लांब, तिथे कीड जास्त आणि उपचार कमी. त्यावर ठरलेली दोन उत्तरं ऐकू येतात: तिथे डेंटिस्ट पाठवा, नाहीतर आईवडिलांना जागरूक करा. दोन्ही चांगलीच आहेत, पण माझ्या मते दोन्ही मूळ अडचणीला हात घालत नाहीत. दातांची सगळी व्यवस्था एका खुर्चीभोवती उभी आहे. मूल त्या खुर्चीपर्यंत पोचलं तर उपचार, नाही पोचलं तर नाही. आता मात्र खुर्ची, ड्रिल आणि इंजेक्शन यांशिवाय बरंच काम होऊ शकतं. ते होत नसेल तर अडचण औषधांची नाही, ते कुणी, कुठे आणि कुणाच्या पैशाने करायचं याची आहे.

उशीर एवढा महागात का पडतो

तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लात दाताच्या कवचातली, म्हणजे इनॅमलमधली खनिजं विरघळतात. लाळ ती झीज हळूहळू भरून काढते. दिवसभर ही ओढाताण चालू असते. थोड्या थोड्या वेळाने काहीतरी गोड तोंडात जात राहिलं तर लाळेला उसंतच मिळत नाही. म्हणून मुलाने किती गोड खाल्लं याइतकंच किती वेळा खाल्लं यालाही महत्त्व आहे.

किडीची पहिली खूण काळी नसते. ती पांढरी असते, हिरडीलगत खडूने रेघ मारल्यासारखी. या टप्प्यावर दात पुन्हा सावरू शकतो. तसंच सोडलं तर भोक पडतं, भोक खोल जाऊन कीड आतल्या नसेपर्यंत पोचते, मग रात्री-अपरात्री ठणका लागतो आणि शेवटी पू होऊन गाल सुजतो. दुधाच्या दाताचं इनॅमल पातळ असल्याने हा प्रवास मोठ्या माणसाच्या दातापेक्षा लवकर पुरा होतो.

आता हे टप्पे उपचाराच्या बाजूने पाहा. पांढऱ्या डागावर एखादी नर्स ब्रशने औषध लावू शकते. लहान भोक पडलं तर प्रशिक्षित माणूस आणि सिमेंट लागतं. कीड नसेपर्यंत गेली की डेंटिस्ट हवा, आणि मूल लहान असेल, दात बरेच किडले असतील, तर पूर्ण भूल देऊन हॉस्पिटलमध्येच दात काढावे लागतात. इंग्लंडमध्ये 5 ते 9 वर्षांची मुलं हॉस्पिटलात दाखल होण्याचं सर्वांत मोठं कारण किडलेले दात हेच आहे. सोयींपासून लांब असलेलं मूल नेमकं या शेवटच्या टप्प्यावर डॉक्टरपुढे येतं. त्याला सर्वांत महाग, सर्वांत त्रासाचा आणि सर्वांत दुर्मीळ उपचार लागतो, आणि तोच त्याच्यापासून सर्वांत लांब असतो.

याचं टोक किती भयानक असू शकतं ते अमेरिकेत मेरीलँड राज्यात 2007 साली दिसलं. एका 12 वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाढेतला संसर्ग मेंदूपर्यंत गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी तो वाचला नाही. वेळेवर दाढ काढली असती तर तेवढ्यावर भागलं असतं. त्या घटनेनंतर त्या राज्याने मुलांच्या दंतसेवेची घडी बदलली, पण मूल गेल्यावर.

“दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत,” हे सर्रास ऐकू येतं. समोरचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. मूल चावतं त्यांच्यावर, आणि मागून येणाऱ्या दातांची जागाही त्याच राखून ठेवतात. शिवाय दुधाचे दात किडलेल्या मुलाचे कायमचे दात किडण्याची शक्यताही जास्त असते, कारण जंतू तेच आणि सवयीही त्याच.

कागदावर सोय आहे, मग मूल का पोचत नाही

दवाखाना लांब आहे हे कारण सगळ्यांना दिसतं. त्यामागची कारणं कमी दिसतात. दवाखान्याची वेळ आणि आईबापांच्या कामाची वेळ एकच असते, म्हणजे दात दाखवायचा तर दिवसाची कमाई सोडायची. एका फेरीत काम होत नाही, पुन्हा बोलावतात. दुसरं मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतोच. डेंटिस्टच्या बाजूनेही अडचणी आहेत. यंत्रसामग्री महाग, तिचं कर्ज डोक्यावर, त्यामुळे माणूस शहरातच दवाखाना थाटतो. घाबरलेल्या चार वर्षांच्या मुलाला वेळ जास्त लागतो आणि पैसे कमी मिळतात, म्हणून बरेच डेंटिस्ट लहान मुलांना शक्य तो टाळतात. अपंग किंवा स्वमग्न मुलाच्या पालकांना तर “आमच्याकडे नाही जमणार” हे वाक्य पाठ झालेलं असतं.

विमा काढला की प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेत गरीब मुलांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेत दातांचे उपचार देणं कायद्याने बंधनकारक आहे. पण योजनेतून मिळणारं मानधन कमी, म्हणून अनेक डेंटिस्ट त्या योजनेचे पेशंटच घेत नाहीत. हातात कार्ड आहे आणि दार उघडायला कुणी नाही, अशी गत. एखादं सरकार ‘इतक्या मुलांना संरक्षण दिलं’ असं सांगतं तेव्हा त्यातल्या किती मुलांच्या दाताला प्रत्यक्ष कुणाचा हात लागला, हे विचारायला हवं.

खुर्चीशिवाय होणारे उपचार

यातला सर्वांत साधा म्हणजे फ्लोराइड व्हार्निश. हा चिकट थर ब्रशने दातांवर लावतात. लाळेत तो घट्ट होतो आणि फ्लोराइड हळूहळू दातात मुरत जातं. लावायला दोन-चार मिनिटं पुरतात. वर्षातून साधारण दोनदा लावावं लागतं, आणि मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतानाही लावता येतं.

सीलंट हा दुसरा. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ येते. ती दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते, कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षातच येत नाही. तिच्या माथ्यावरच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोचत नाहीत. त्या खाचा पातळ लेप देऊन बुजवणं म्हणजे सीलंट. अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या माहितीनुसार सीलंटमुळे मागच्या दातांतली 80 टक्के कीड दोन वर्षांपर्यंत टळते. एवढं करूनही ज्या मुलांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्याच दाढा बिनलेपाच्या राहतात.

भोक पडलेलंच असेल तर? 1980 च्या दशकात टांझानियात वीज आणि ड्रिल यांशिवाय दात भरायची एक पद्धत उभी राहिली. हाताच्या अवजारांनी मऊ झालेला किडका भाग खरवडायचा आणि त्यात ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. टेबलावर झोपवूनही हे करता येतं. स्कॉटलंडमधल्या डेंटिस्ट नॉर्ना हॉल यांनी आणखी वेगळी वाट काढली. त्या दुधाच्या किडक्या दाढेवर कीड न काढताच स्टीलची टोपी सिमेंटने बसवत. आत कोंडलेल्या जंतूंना खायला मिळत नाही आणि कीड थांबते. हे ऐकून बऱ्याच डेंटिस्टनी नाक मुरडलं होतं, कारण आधी कीड पूर्ण काढायची हेच सगळे शिकून आलेले. नंतरच्या अभ्यासांत या टोप्या नेहमीच्या फिलिंगपेक्षा जास्त टिकल्या.

सर्वांत जास्त चर्चा मात्र सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडची आहे. लांबलचक नावामुळे सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. यातली चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड दात कडक करतं. किडलेल्या जागी थेंबभर लावायचं, मिनिटभर थांबायचं, झालं. सुई नाही, घरघर नाही. जपानमध्ये ते 1970 च्या सुमारापासून वापरात आहे, अमेरिकेत 2014 साली त्याला वाट मिळाली, आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंटही त्याच वर्षी त्या यादीत आलं.

त्याचा एक मोठा दोष म्हणजे किडलेला भाग कायमचा काळा पडतो. निरोगी दात काळा होत नाही, पण समोरच्या दातावर कीड असेल तर हसताना काळा डाग दिसणार. शिवाय एकदा लावून भागत नाही, साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. आणि कीड नसेपर्यंत पोचली असेल किंवा पू झाला असेल तर त्याचा उपयोग नाही.

हा काळा डाग किरकोळ समजू नये. सधन घरच्या मुलाला पांढरं फिलिंग आणि गरीब मुलाला काळा दात, अशी विभागणी झाली तर लोकांना ते बोचणार, आणि बोचायलाच हवं. पण पर्याय काय ते नीट पाहिलं पाहिजे. भूल देऊन दात काढण्यासाठी अनेक महिने ठणका सोसत रांगेत थांबणं, की आज थांबलेली काळी कीड? दुधाच्या दाढेच्या बाबतीत मला उत्तर सोपं वाटतं. समोरच्या दातांचं ज्याच्या-त्याच्या घराने ठरवावं. त्यासाठी लावण्याआधी आणि लावल्यानंतरचा फोटो पालकांना दाखवला पाहिजे. ‘थोडा रंग बदलेल’ असं पुटपुटून सही घेणं म्हणजे फसवणूक आहे.

डॉक्टरच हवा का?

ही साधनं सोपी असली तरी ती कुणाच्या हातात द्यायची यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. पहिल्या महायुद्धात भरतीसाठी आलेल्या तरुणांचे दात पाहून न्यूझीलंडचे अधिकारी हादरले होते. 1921 मध्ये तिथे तरुण स्त्रियांना दोन वर्षांचं प्रशिक्षण देऊन ‘डेंटल नर्स’ बनवायला सुरुवात झाली आणि त्यांना थेट शाळांतल्या दवाखान्यांत नेमलं. दात भरणं, दुधाचे दात काढणं ही कामं त्या करत. व्यवस्था दशकानुदशकं चालली, अनेक देशांनी तिची नक्कल केली. मुलांनी मात्र त्या दवाखान्यांना ‘मर्डर हाऊस’ असं नाव ठेवलं होतं! सेवा दारापर्यंत आली तरी ती दुखरी असेल तर मुलं तिच्यापासून पळतात, आणि ती भीती मोठेपणीही सुटत नाही. बिनदुखऱ्या उपचारांचं महत्त्व इथेही आहे.

अलास्कातल्या कित्येक गावांना रस्ताच नाही, तिथे विमानाने नाहीतर बोटीने जावं लागतं. तिथल्या आदिवासी समाजाच्या आरोग्य संस्थेने 2003 मध्ये आपल्यातलीच काही माणसं शिकायला न्यूझीलंडला पाठवली. ती परत येऊन गावांत काम करू लागली, तर अमेरिकेतल्या डेंटिस्टांच्या संघटनेने 2006 मध्ये कोर्टात धाव घेतली. अर्धशिक्षित माणसांच्या हाती पेशंट जातील, हा मुद्दा. दावा टिकला नाही, आणि 2009 मध्ये मिनेसोटा राज्याने अशा ‘डेंटल थेरपिस्ट’ना कायद्याने मान्यता दिली. संघटनेची काळजी अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. प्रशिक्षण आणि देखरेख कच्ची असेल तर धोका असतोच. पण ज्या गावात वर्षभरात डेंटिस्ट फिरकतच नाही तिथे थेरपिस्टची तुलना नसलेल्या डेंटिस्टशी होत असते, हे विसरून कसं चालेल?

न्यूयॉर्क शहरातल्या शाळांमध्ये अलीकडे झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एसडीएफ आणि सीलंट समोरासमोर पारखले गेले. एसडीएफ कमी पडलं नाही. शाळेच्या नर्सनी लावलेलं आणि दातांच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी लावलेलं, यांतही नर्स मागे पडल्या नाहीत. याचा अर्थ डेंटिस्ट नको असा नाही. नस दुखणाऱ्या, पू झालेल्या मुलांसाठी तो मोकळा राहावा म्हणून बाकीचं काम दुसऱ्यांनी उचलायचं. ब्राझीलने 2004 च्या राष्ट्रीय धोरणातून दातांच्या टीम्स थेट कुटुंब आरोग्याच्या प्राथमिक सेवेला जोडल्या, तोही याच दिशेचा प्रयत्न.

शाळेतला ब्रश

सगळ्यांत स्वस्त उपाय सगळ्यांत कंटाळवाणा आहे: फ्लोराइडच्या टूथपेस्टने रोज ब्रश करणं, आणि तेही मोठ्यांच्या नजरेसमोर. स्कॉटलंडने बालवाड्यांमध्ये हे सुरू केलं. 2006 पासून ‘चाइल्डस्माइल’ या नावाखाली त्याला गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी व्हार्निश, घरी जाऊन मदत करणारे कार्यकर्ते आणि दवाखान्यातली नोंदणी यांची जोड दिली. बेसिन नसलेल्या बालवाडीत मुलं टिश्यूत थुंकतात, म्हणजे ‘आमच्याकडे नळ नाही’ ही सबबही उरत नाही. शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलांपैकी दात किडल्याची ठळक खूण नसलेली मुलं 2003 मध्ये 45 टक्के होती, 2022 मध्ये 73 टक्के झाली. गरीब-श्रीमंत दरी मिटलेली नाही, पण सुधारणा गरीब वस्त्यांपर्यंतही पोचली आहे. फिलिपिन्समध्ये तर शिक्षकच रोज मुलांकडून साबणाने हात धुऊन घेतात, ब्रश करून घेतात, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात. तिन्ही गोष्टी एकाच रांगेत.

टूथपेस्ट किती घ्यायची, तर तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. ब्रश झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. ज्या भागात जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम), तिथे आधी पाणी तपासायला हवं. तिथल्या मुलांच्या दातांवरचे डाग किडीचे नसून जादा फ्लोराइडचे असू शकतात.

साखरेबद्दल थोडक्यात. फक्त ‘गोड कमी खा’ सांगून विशेष फरक पडत नाही. ब्रिटनने 2018 मध्ये साखरेच्या शीतपेयांवर कर लावला, कंपन्यांनी पेयांतली साखर घटवली, आणि नंतरच्या एका अभ्यासात किडलेले दात काढण्यासाठी हॉस्पिटलात येणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे 12 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं.

शिबिरांविषयी

कामाला लागलेल्यांचा उत्साह बहुतेक वेळा एकाच ठिकाणी जिरतो: तपासणी शिबिर. बॅनर लागतो, मुलांच्या तोंडात टॉर्च मारतात, ‘डॉक्टरांना दाखवा’ अशी चिठ्ठी आणि एक ब्रश देतात, फोटो निघतात. त्या चिठ्ठीने पालकांना कळतं काय, तर मुलाला कीड आहे. ते त्यांना आधीच माहीत असतं, मूल रात्री रडतं. संशोधनांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेलाही नुसत्या शालेय तपासणीने मुलं दवाखान्यात जास्त येतात याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. टॉर्च मारणाऱ्याने त्याच बैठकीत व्हार्निश किंवा एसडीएफ लावलं, आणि पू झालेल्या मुलाची तारीख, गाडी व खर्च ठरवूनच तो उठला, तर त्याला सेवा म्हणता येईल. कार्यक्रमाच्या अहवालात ‘तपासलेली मुलं’ हा रकाना हमखास असतो. ‘उपचार पूर्ण झालेली मुलं’ हा रकाना आहे का ते बघा.

आणखी एक अडचण कागदाची आहे. शाळेत उपचार करायचे तर पालकांची सही लागते, आणि लागायलाच हवी. पण जे फॉर्म परत येत नाहीत त्यांत वाचता न येणाऱ्या, दोन-दोन पाळ्या करणाऱ्या, सतत घर बदलणाऱ्या पालकांचे फॉर्म बरेच असतात. म्हणजे सर्वांत गरजू मूलच रांगेतून बाहेर. फॉर्म पालकांच्या भाषेत एका पानाचा ठेवणं, प्रवेशाच्या वेळीच सही घेणं, फोनवर समजावून होकार नोंदवणं, एवढ्यानेही बराच फरक पडू शकतो.

जे मूल शाळेतच जात नाही, किंवा शाळेत पोचेपर्यंत ज्याचे समोरचे चार दात झडलेले असतात, त्याच्यासाठी शाळेची वाट पाहण्यात अर्थ नाही. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, आणि पहिल्या दोन वर्षांत लशींसाठी बाळाला वारंवार आणावंच लागतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने 2000 च्या सुमारास हीच वेळ साधली. मेडिकेडमधल्या लहानग्यांना बालरोगतज्ज्ञ आणि नर्स नेहमीच्या तपासणीतच व्हार्निश लावू लागल्या, आणि त्याचे वेगळे पैसे त्यांना मिळू लागले. लस टोचणाऱ्या नर्सने बाळाचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून हिरडीलगत पांढरी रेघ आहे का ते पाहायचं, व्हार्निश लावायचं, आणि बाटली तोंडात ठेवून झोपवू नका एवढं आईला सांगायचं. मूल तिथे आलेलंच असतं आणि आई शेजारी असते, त्यामुळे त्यासाठी वेगळी फेरी करावी लागत नाही.